किती अंशाला, आणि किती वेळ? सोन्यावर रेणूंचा थर बसवताना

पहिल्यांदा थर बसवला तो जानेवारीत. तोच प्रयोग तसाच्या तसा पुन्हा केला मे महिन्यात. बाटली तीच, सोनं तेच, द्रावण तितकंच तीव्र, शुक्रवारी संध्याकाळी बुडवून सोमवारी सकाळी काढायचं हेही तेच. पण एसटीएमखाली, म्हणजे अणू-रेणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिलं तर दोन नमुने सख्खे भाऊ सोडाच, लांबचे नातेवाईकही वाटेनात. जानेवारीच्या थरात बारीक खड्डे दाटीनं पसरलेले, मेच्या थरात मोजकेच पण मोठे. दोन आठवडे मी सोन्याला शिव्या घालत होतो. मग एकानं चहा पिता पिता विचारलं, "शनिवार-रविवार एसी बंद असतो ना रे आपला?" वही उघडली. दोन्ही पानांवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : खोलीचं तापमान.

युरोपातल्या शोधनिबंधात खोलीचं तापमान म्हणजे वीस-बावीस अंश. आपल्याकडे एसी बंद असलेल्या खोलीत जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो, विदर्भात तर त्याहून जास्त. बाकी बऱ्याच रसायनशास्त्रात हे खपून जातं. इथे खपत नाही.

हे लिखाण त्यांच्यासाठी आहे, जे पहिल्यांदाच असा थर बसवणार आहेत : एमएस्सीच्या प्रोजेक्टवाले, सेन्सर बनवू पाहणारे इंजिनिअर, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतून इकडे वळलेले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "किती अंशाला ठेवायचं?" हा प्रश्न अर्धवट आहे. "किती अंशाला, किती वेळ, आणि कशात?" असा तो विचारला तरच उत्तर मिळतं. पाकाचं जसं असतं तसंच हे. आच सांगितली आणि वेळ सांगितला नाही, तर एकतारी झाला की गोळीबंद, हे कढईत डोकावल्याशिवाय कळत नाही.

पायरी १ : थर म्हणजे नक्की काय, ते डोळ्यांसमोर आणा

धातूच्या पृष्ठभागावर रेणू आपणहून रांगेत उभे राहतात आणि एकाच रेणूच्या उंचीचा थर तयार होतो. १९४६ साली अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत विल्यम झिसमन आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमवर असे थर बसवून दाखवले होते. पण या विषयाला खरी गती आली ती १९८३ मध्ये, राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा यांनी गंधकवाले रेणू सोन्यावर बसवले तेव्हापासून. आज नवख्यानं सुरुवात करायची ती सोनं आणि अल्केनथायॉल या जोडीनंच. ती माफ करणारी जोडी आहे.

थायॉलचा रेणू म्हणजे एका टोकाला गंधक आणि मागे कार्बनची लांब शेपटी. गंधक सोन्याला घट्ट धरतो, शेपट्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. सोन्याच्या १११ पृष्ठभागावर (जिथे अणू सर्वांत दाटीनं बसलेले असतात) दोन शेजारी अणूंमधलं अंतर ०.२८८ नॅनोमीटर असतं. गंधक मात्र एकमेकांपासून सुमारे अर्ध्या नॅनोमीटरवर बसतात, म्हणजे प्रत्येक रेणूच्या वाट्याला ०.२१६ चौरस नॅनोमीटर जागा येते. शेपटीची स्वतःची जाडी त्याहून कमी, अंदाजे ०.१८४ चौरस नॅनोमीटर. मग उरलेल्या फटीचं काय? सगळ्या शेपट्या एकाच दिशेला कलतात. ०.१८४ भागिले ०.२१६ हा त्या कोनाचा कोसाइन धरला तर कोन येतो साधारण ३२ अंश, आणि प्रत्यक्ष मोजलेला कल तिशीच्या आसपासच आहे. चांदीवर गंधक जरा जवळ बसतात, म्हणून तिथे कल दहा-बारा अंशांवर येतो. वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं ज्वारीचं शेत आठवा.

या चित्रात तापमान तीन ठिकाणी हात घालतं. एक, शेपट्या वळवळतात. दोन, रेणू आणि त्यांच्याखालचे सोन्याचे अणू जागा बदलतात. तीन, गंधकाची पकडच सुटते. या तीन गोष्टी वेगवेगळ्या तापमानाला सुरू होतात आणि त्यांना लागणारा वेळही वेगवेगळा. पुढचं सगळं याच तिघींभोवती फिरतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. तापवल्यावर सोनं प्रसरण पावतं आणि म्हणून थर विस्कटतो, असं बरेच जण धरून चालतात. सोन्याचं प्रसरण अंशाला दशलक्षात १४ भाग. पन्नास अंश तापवलं तर अणूंमधलं अंतर वाढतं ०.०७ टक्के. हे रेणू त्याची दखलही घेत नाहीत.

पायरी २ : रेणूंच्या आधी सोनं तापवा

थर जमिनीइतकाच सपाट होतो. काचेवर किंवा सिलिकॉनवर बाष्पीभवनानं चढवलेलं सोनं बारीक दाण्यांचं असतं, प्रत्येक दाणा काही दशक नॅनोमीटरचा. अभ्रकावरचं सोनं गरम पृष्ठभागावर चढवलेलं असतं, त्यामुळे त्यात मोठी सपाट मैदानं मिळतात. त्यावर हायड्रोजनची किंवा ब्यूटेनची ज्योत हलकेच फिरवली की ती आणखी रुंदावतात. अंधारात पट्टी जेमतेम मंद लाल दिसावी, त्याच्या पुढे जाऊ नये. सोनं १०६४ अंशांना वितळतं, पण पातळ थर त्याच्या कितीतरी आधीच गोळे होऊन बसतो.

काचेवरच्या सोन्याखाली बहुतेक वेळा क्रोमियम किंवा टायटॅनियमचा चिकटवणारा थर असतो. असे नमुने ज्योतीत धरू नका. दोन-तीनशे अंशांच्या पुढे खालचं क्रोमियम सोन्यातून वर झिरपू लागतं, आणि मग तुमचे थायॉल सोन्यावर बसतात की क्रोमियमच्या ऑक्साइडवर, हे कुणीच सांगू शकत नाही. अशा पट्ट्यांसाठी यूव्ही-ओझोननं सफाई, मग इथेनॉलमध्ये धुणं, एवढं पुरे. पिरान्हा द्रावणाच्या (तीव्र गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड) वाटेला नवख्यानं जाऊ नये. सेंद्रिय द्रावकाचा थेंब पडला तरी ते उसळतं, आणि आपल्या टेबलावर तर इथेनॉलच इथेनॉल असतं.

पायरी ३ : द्रावण

एक मिलिमोलर थायॉल, शुद्ध इथेनॉलमध्ये. काम फ्यूम हूडखालीच. वास कशाचा येईल हे तुम्हाला आधीच माहीत आहे : गॅस सिलिंडर गळतो तेव्हा जो वास येतो तो याच कुळातला, मुद्दाम मिसळलेला. लांब शेपटीच्या थायॉलचा वास सौम्य असतो, पण शेजारच्या प्रयोगशाळेतून तक्रार येण्याइतका नक्की. भांडी नंतर ब्लीचच्या पाण्यात बुडवली की वास मरतो.

तापमान इथेही आडवं येतं. सोळा कार्बनचं हेक्साडेकेनथायॉल १८ ते २० अंशांच्या आसपास गोठतं. एसी जोरात असला की बाटलीत पांढरा गोळा दिसतो, आणि नवखा विद्यार्थी "माल खराब निघाला" म्हणून पुरवठादाराला मेल करायला बसतो. बाटली कोमट पाण्यात धरा, पातळ होईल. पूर्ण पातळ झाल्यावरच पिपेटनं घ्या. अठरा कार्बनचं ऑक्टाडेकेनथायॉल तिशीच्या जरा वर वितळतं. ते वजन करून घेण्याचा पदार्थ आहे, पण मेच्या दुपारी तेच बाटलीत तेलासारखं हेलकावताना मी पाहिलं आहे. बारा कार्बनचं डोडेकेनथायॉल आपल्याकडच्या कुठल्याही हवेत पातळच राहतं. म्हणून पहिल्या प्रयोगाला तेच घ्या.

पायरी ४ : बुडवताना किती अंश?

सोनं द्रावणात गेलं की पहिल्या काही मिनिटांतच बहुतेक जागा भरून जाते. पाण्याचा थेंब ठेवून पाहिलात तर तो पृष्ठभागाशी शंभर अंशांच्या पुढे कोन दाखवतो, म्हणजे थर पाणी झटकतो, आणि तुम्हाला वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात माणसं सभागृहात शिरली आहेत एवढंच झालं, अजून जागेवर बसायची आहेत. आधी बरेच रेणू आडवे पडलेले असतात. गर्दी वाढली की ते उभे राहतात. मग वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या दिशांना कललेली बेटं तयार होतात आणि जिथे दोन बेटं भिडतात तिथे शिवण राहते. शिवणी म्हणजे थराच्या कमकुवत जागा : आयन तिथूनच आत शिरतात, गंज तिथूनच धरतो.

शिवाय गंधक बसताना सोन्याचा वरचा पदर ढवळला जातो आणि एका अणूच्या खोलीचे, म्हणजे ०.२४ नॅनोमीटर खोल खड्डे पडतात. नवख्यांना ते थरातली भोकं वाटतात. तसं नाही. खड्ड्याच्या तळाशीही सोनंच आहे आणि त्यावर थायॉल बसलेलेच आहेत.

आता जानेवारी आणि मेचं कोडं सुटतं. द्रावण गार असताना बेटं लहान, शिवणी जास्त, खड्डे बारीक आणि पुष्कळ. द्रावण कोमट असताना रेणूंना सरकायला बळ मिळतं. लहान खड्डे मोठ्यांत विलीन होतात, काही सरकत सरकत सोन्याच्या मैदानाच्या कडेला जाऊन नाहीसे होतात, बेटं रुंदावतात.

माझी शिफारस : पहिला नमुना २५ अंशांना, तापमान धरून ठेवणाऱ्या वॉटर बाथमध्ये, १८ तास. दुसरा ५० ते ५५ अंशांना, तेवढाच वेळ. व्हायल, म्हणजे काचेची छोटी बाटली, घट्ट झाकणाची हवी, आणि पूर्ण काठोकाठ भरू नका, गरम झाल्यावर इथेनॉल फुगतं. त्याच्या पुढे जायचा मोह टाळा. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ तर आपल्या साध्या खोलीतही पेट घेऊ शकते. म्हणून उघड्या हॉटप्लेटवर इथेनॉल तापवायचं नाही. ही सूचना मी आयुष्यात जितक्यांदा दिली, त्याहून एकदा कमी पाळली गेली आहे.

काढतानाही एक खुबी आहे. गरम द्रावणातून पट्टी थेट बाहेर ओढली तर तिच्यावरचं इथेनॉल क्षणात उडतं आणि विरघळलेलं जादा थायॉल तिथेच सुकून बसतं. मग एकाऐवजी अनेक थर, आणि सगळी मोजमापं खोटी. व्हायल आपोआप गार होऊ द्या, अर्धा तास लागेल. मग ताज्या इथेनॉलनं भरपूर धुवा आणि नायट्रोजननं वाळवा.

पायरी ५ : बसलेला थर पुन्हा तापवायचा का?

याला अनीलिंग म्हणतात. खोलीच्या तापमानाला बसवलेला थर नंतर तापवून सुधारता येतो, पण कशात तापवता यावर सगळं अवलंबून आहे.

थायॉलच्या विरळ द्रावणातच ६० अंशांच्या आसपास तास-दोन तास ठेवलं तर एखादा रेणू सुटला तरी त्याची जागा घ्यायला दुसरा हजर असतो. शिवणी कमी होतात, गर्दी टिकते. पोकळीत किंवा नायट्रोजनमध्ये तापवलं तर सुटलेला रेणू परत येत नाही. थोडी गळती झाली की उरलेल्यांना पाय पसरायला जागा मिळते आणि ते पुन्हा आडवे पडतात. एसटीएममध्ये तेव्हा पट्टे पट्टे दिसतात. सुंदर दिसतात, फोटोही छान येतो, पण ज्या दाट थरासाठी निघालो होतो तो गेलेला असतो. शुद्ध द्रावकात, थायॉल न घालता तापवणं हे तर सगळ्यात वाईट : द्रावक सुटलेल्या रेणूंना सामावून घेतो, त्यामुळे गळती पोकळीपेक्षाही सोपी होते. आणि उघड्या हवेत तापवलं तर ऑक्सिजन आणि ओझोन गंधकावरच हल्ला करतात. गंधकाचं सल्फोनेट झालं की सोन्यावरची पकड गेली, पुढच्या धुण्यात थर वाहून जातो.

शेपट्या वळवळणं मात्र वेगळं प्रकरण आहे. ते परत फिरणारं असतं. इन्फ्रारेडमध्ये सरळ, शिस्तीत उभ्या शेपट्यांची एक खूण प्रति सेंटिमीटर २९१८ च्या आसपास दिसते. तापवत गेलं की ती २९२४ कडे सरकते, म्हणजे शेपट्या सैल होऊन वाकू लागल्या. गार केलं आणि मधल्या काळात फार रेणू सुटले नसतील, तर खूण परत जागेवर येते. शेपटी जितकी आखूड तितकी ही सैल अवस्था लवकर येते. चार-पाच कार्बनच्या थायॉलचा थर साध्या तापमानालाही द्रवासारखा, बेशिस्तच असतो. म्हणून "माझा थर ५० अंशांना टिकला" असं कुणी म्हणालं की पहिला प्रतिप्रश्न : किती कार्बनचा?

पायरी ६ : थर किती वेळ टिकेल याचा कागदावर अंदाज घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर महिनाभर रडतात. पाच मिनिटांचं गणित आहे.

एक रेणू सरासरी किती वेळ चिकटून राहील? त्याला अंदाजे सेकंदाला १० चा १३ वा घात इतक्या वेळा सुटायची संधी मिळते, कारण अणूंची थरथर तेवढ्या वेगाची असते. प्रत्येक संधीला यश मिळण्याची शक्यता अर्‍हेनियसच्या सूत्रातून येते : ई चा वजा घात, वर बंधाची ऊर्जा, खाली वायू-स्थिरांक गुणिले केल्विनमधलं तापमान. सोने-गंधक पकडीसाठी प्रति मोल १२६ किलोज्यूल हा आकडा घेऊ. तो प्रत्यक्ष मोजमापातून आलेला आहे. उत्तरं अशी येतात :

२७ अंश : सुमारे २७ वर्षं
७० अंश : १८ दिवस
९० अंश : दीड दिवस
११० अंश : सव्वाचार तास
१३० अंश : ३६ मिनिटं

हे आकडे एकदा नीट वाचा. ९० आणि १३० यांत फरक चाळीस अंशांचा, पण आयुष्य साठपटीनं घटलं. म्हणूनच "थर १०० अंशांपर्यंत स्थिर असतो" हे वाक्य कुठे वाचलंत तर त्यापुढे पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढा. किती वेळ स्थिर? याच हिशेबानं तासभर ९० अंशांना ठेवलं तर अडीच टक्के रेणू जातील, ११० ला एकवीस टक्के, १३० ला ऐंशी टक्क्यांच्या वर. दहा मिनिटांच्या प्रक्रियेसाठी ११० अंश चालतील, रात्रभरासाठी अजिबात नाही. एपॉक्सी पक्कं करायला नमुना ओव्हनमध्ये टाकणाऱ्या सेन्सरवाल्यांनी हे आकडे भिंतीवर चिकटवावेत.

हा अंदाज ढोबळ आहे, हे विसरू नका. सुटताना दोन थायॉल बऱ्याचदा जोडीनं, डायसल्फाइड होऊन निघतात, त्यामुळे खरा वेग किती गर्दी उरली आहे त्यावरही ठरतो. लांब रेणूंसाठी तो १० चा १३ वा घातही बदलतो. दहापट इकडेतिकडे होऊ शकतं. पण दहापट म्हणजे तापमानात वीसेक अंशांची चूक, आणि तेवढी कल्पना असणं हे काहीच नसण्यापेक्षा लाखपट बरं.

आणि २७ वर्षांचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. तो फक्त उष्णतेनं सुटण्याचा आहे, तोही पोकळीत. टेबलावर उघडा ठेवलेला थर हवेनं आणि उजेडानं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खराब होतो. उष्णता त्या बिचाऱ्याला मारायला आलीच नव्हती.

ज्यांच्याकडे अतिनिर्वात कक्ष आहे ते हाच आकडा उलट दिशेनं काढतात. नमुना सेकंदाला एक केल्विन या वेगानं तापवायचा, समोर मास स्पेक्ट्रोमीटर ठेवायचा आणि रेणू सर्वाधिक कधी निघतात ते पाहायचं. शिखर ५०० केल्विनला आलं तर रेडहेडच्या सूत्रानं ऊर्जा येते अंदाजे १३५ किलोज्यूल. वर घेतलेल्या आकड्याच्या शेजारचीच. तापवण्याचा वेग बदलला की शिखरही सरकतं, म्हणून वेग न लिहिता नुसतं शिखराचं तापमान सांगणाऱ्या आलेखाला अर्थ नाही. पुन्हा तेच : अंशांना वेळेची सोबत हवी.

पायरी ७ : तापमान खरंच तेवढंच आहे का?

हॉटप्लेटवर ७० दिसतात. ते प्लेटच्या पोटातल्या सेन्सरचं तापमान आहे. वर ठेवलेल्या व्हायलमधलं द्रावण दहा-बारा अंश गार असणं अगदी नेहमीचं. एक जादा व्हायल घ्या, तितकंच इथेनॉल भरा, झाकणाला भोक पाडून थर्मोकपल आत सोडा आणि ती खऱ्या व्हायलच्या शेजारी ठेवा. खऱ्या नमुन्यात थर्मोकपल बुडवू नका, तिचा धातूही थायॉल ओढतो.

दुकानात मिळणारी इन्फ्रारेडची बंदूक सोन्यावर रोखू नका. चकचकीत सोनं स्वतःची उष्णता जवळजवळ बाहेर टाकतच नाही, समोर जे असेल त्याचं प्रतिबिंब दाखवतं. शंभर अंशांची पट्टी बंदुकीला तिशीची दिसते, कारण ती खरं तर छताचं तापमान वाचत असते. बंदूक वापरायचीच असेल तर पट्टीच्या कोपऱ्याला काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि तो मोजा. अतिनिर्वातात नमुन्याच्या कडेला थर्मोकपल दाबून बसवतात, तिथेही कडेचं आणि मधलं तापमान एक नसतं.

एसटीएमवाल्यांसाठी वेगळी सूचना : नमुना तापवून लगेच यंत्राच्या सुईचं टोक खाली आणलंत तर चित्र तिरकं येईल, रेणूंच्या रांगा वाकलेल्या दिसतील. रेणू जागेवरच आहेत, सरकतंय ते यंत्र. तासभर थांबा, जेवून या.

पायरी ८ : थर कसा झाला ते तपासा

एसटीएम नसलं तरी काही अडत नाही. पाण्याचा थेंब ठेवा. चांगल्या थरावर पुढे सरकणाऱ्या थेंबाचा कोन ११० अंशांच्या आसपास येतो. शंभराच्या खाली असेल तर थरात काहीतरी गडबड आहे. पण हा फार दयाळू परीक्षक आहे, शिवणी त्याला दिसत नाहीत. त्यामुळे २५ आणि ५५ अंशांचे नमुने दोन्ही पास झाले म्हणून ते सारखे आहेत असं समजू नका.

कडक परीक्षा घ्यायची तर पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे विभव ठरवून प्रवाह मोजणारं यंत्र, वापरा. पट्टी फेरीसायनाइडच्या द्रावणात इलेक्ट्रोड म्हणून लावा. उघड्या सोन्यावर प्रवाहाची ठळक शिखरं दिसतात, चांगल्या थरावर रेघ जवळपास आडवी. शिवणी जितक्या जास्त तितका प्रवाह झिरपतो, आणि गार-कोमट नमुन्यांतला फरक इथे उघडा पडतो.

शेवटी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विभव ऋण बाजूला नेऊन थर उपटून काढा आणि लागलेला विद्युतभार मोजा. पूर्ण भरलेल्या थरासाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७४ मायक्रोकूलंब अपेक्षित असतात : प्रत्येक रेणूला एक इलेक्ट्रॉन, आणि पायरी १ मधली ०.२१६ चौरस नॅनोमीटर जागा, एवढ्यावरूनच हा आकडा निघतो. स्वतः काढून पाहा. प्रत्यक्षात तो थोडा जास्त येतो, कारण सोनं खडबडीत असतं आणि पृष्ठभागाचा स्वतःचा भारही त्यात मिसळतो. तापवलेल्या नमुन्याचा आकडा न तापवलेल्याशी ताडून पाहिला की किती टक्के गळती झाली ते कळतं. मग पायरी ६ मधला कागद बाहेर काढा आणि तुमचा अंदाज किती चुकला ते बघा. मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातला हा सर्वांत मजेचा क्षण आहे.

तापमान शत्रू नसतं तेव्हा

आतापर्यंत उष्णतेला आवर घालण्याबद्दल बोललो. काही थरांत तिलाच गवंडी म्हणून कामाला लावतात. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एम्पा या संस्थेतल्या आणि जर्मनीतल्या माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी सोन्यावर दोन अँथ्रासीन जोडून झालेला, दोन ब्रोमीन असलेला एक रेणू बसवला. २०० अंशांना ब्रोमीन गळून पडले आणि रेणू एकमेकांना जोडून साखळी झाली. ४०० अंशांना साखळीतले हायड्रोजन निघाले आणि उरली सात कार्बन अणू रुंदीची ग्राफीनची (एका अणूच्या जाडीच्या कार्बनची) सपाट पट्टी. थायॉल तिथे केव्हाच उडून गेले असते. इथे सोन्याला धरून बसायला गंधक नाही, रेणू सपाट पसरलेला आहे, आणि त्याला सुटायच्या आत शेजाऱ्याशी जोडलं जातं. शर्यत लागलेली असते ती सुटण्याची आणि जोडलं जाण्याची, आणि तापमान कुठल्या वेगानं वाढवता यावर ती कोण जिंकणार ते ठरतं. नवख्यानं पहिल्याच वर्षी यात पडू नये, पण थायॉलवर हात बसला की हाच पुढचा रस्ता.

वहीत काय लिहायचं

'खोलीचं तापमान' हे दोन शब्द वहीतून हद्दपार करा. बुडवतानाचं तापमान, काढतानाचं तापमान, आणि मधल्या काळातलं कमाल-किमान लिहा. हवामान खात्याच्या पेटीत असतो तसा कमाल-किमान तापमापक काचेच्या भांड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो व्हायलच्या शेजारी ठेवा आणि शुक्रवारी जाताना त्याच्या खुणा त्या वेळच्या तापमानावर परत आणायला विसरू नका. पट्टी सोन्याच्या कुठल्या बॅचची, सोन्याखाली काय आहे, थायॉल किती कार्बनचा, द्रावण कधी बनवलं, कशात तापवलं, किती वेगानं गार केलं, आणि शनिवार-रविवार एसी चालू होता का, हेही. शेवटची नोंद आमच्या प्रयोगशाळेच्या छापील फॉर्मवर आता वेगळ्या रकान्यात आहे. तो रकाना मी घालून घेतला, का ते तुम्हाला माहीतच आहे.